गाडी आल्याशिवाय उठवायचं नाही

हुबळीजवळ अमरगोळच्या मार्केट यार्डात बाबू गावडा वीस वर्षं हमाली करत होता. अळणावरकडचा गडी. पाठीवर क्विंटलाचं पोतं घेऊन धावायचा, आणि काम सरलं की मिरचीच्या पोत्यांवर आडवा होताच घोरायचा. टोळीचा एकच कायदा होता: निजलेल्या हमालाला गाडी आल्याशिवाय उठवायचं नाही.

अठ्ठ्याण्णव साली त्याच्या मानेत गाठी आल्या. कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी हुबळीच्या दवाखान्यात सलाईनमधून औषध चालू झालं. सोबतच्या गोळ्यांनी पहिल्या दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. मग अंगातलं बळ असं जायचं, की परसातनं घरात येताना दोनदा टेकावं लागे.

"मला परत पोतं उचलायचंय," एवढंच तो म्हणायचा.

घरी झोप लागेना म्हणून टोळीतल्या कुणाच्या तरी सायकलवर बसून यार्डात येऊन पोत्यांवर पडू लागला. तिथं दिवसभर निजायचा. टोळीनं कायदा पाळला, मायेनं पाळला, आणि तिथंच चुकलं. दिवस झोपेत गेल्यावर रात्र उघड्या डोळ्यांनीच जायची. पायांच्या तर काटक्या झाल्या.

एके दुपारी बायको भागीरथी तणतणत मुकादमापुढं उभी राहिली.

"कल्लाप्पा मामा, नर्सबाई रोज चालवा म्हनत्यात, आन् तुमी ह्येला म्हशीगत लोळू देतासा!"

"टोळीचा कायदा हाय, अक्का."

"जाळा त्यो कायदा! पाय गेल्यावर पोतं काय डोळ्यानं उचलंल त्यो?"

दुसऱ्या दिवशी कल्लाप्पानं बाबूला अर्धा तास निजू दिलं आणि ओरडला, "लारी बंतू! गाडी आली रे!"

वीस वर्षांची सवय. बाबू उठला, डोक्याला टॉवेल गुंडाळला, फाटकापर्यंत गेला. रस्ता मोकळा.

"कुठाय गाडी?"

"गेली की. तुजी चाल बघून ड्रायवर कटाळला."

"तुज्या बाची गाडी!" बाबू म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

मग ते रोजचंच झालं. गाडी नाही हे त्याला ठाऊक, तरी टॉवेल गुंडाळून फाटक गाठायचा. रात्री चार-चार तास डोळा लागू लागला. चौथ्या सलाईननंतर तर रिकाम्या पोत्यांची चवड पाठीवर घेऊन दहा पावलं चालला. टोळीनं बघून न बघितल्यासारखं केलं.

पाचव्यानंतर फाटक लांब पडलं. आधी वजनकाट्यापर्यंत जायचा, मग नुसता थप्पीच्या कडेपर्यंत. गाठी परत आल्या होत्या. सहावं औषध डॉक्टरांनी दिलंच नाही.

त्या आठवड्यात कल्लाप्पानं हाळी दिली तेव्हा बाबूनं डोळे उघडले. टॉवेल उशालाच राहिला.

"अण्णा, आज तुमीच उतरवा," म्हणाला आणि कुशीवर वळला.

तासाभरानं खरीच गाडी आली, मिरचीनं भरलेली. कायद्यानं त्याला उठवायला पाहिजे होतं. कल्लाप्पानं ओठांवर बोट ठेवलं. टोळीनं चपला काढल्या आणि एकही हाळी न देता पोती लांबच्या टोकाला नेऊन रचली.