सूर्याच्या नोंदी आणि आजींचा टीव्ही

राजापूरकडच्या एका सड्यावर, उघड्या कातळपठारावर, मी एक उन्हाळा सूर्य ऐकण्यात काढला. सूर्यावर स्फोट झाला की रेडिओलहरी सुटतात. त्यांतल्या अगदी कमी वारंवारतेच्या लहरी मी टिपत होते. त्याला मोठी दुर्बीण लागत नाही. कातळावर तारांच्या काही अँटेना रोवल्या होत्या आणि शेजारच्या पत्र्याच्या खोपीत बॅटऱ्या न् लॅपटॉप. लागते ती फक्त माणसांच्या यंत्रांचा गोंगाट नसलेली जागा. जयगडकडे बंदरामुळे ती मिळेना, म्हणून इतक्या आत आले.

माझे पीएचडीचे मार्गदर्शक पुण्यात, आईवडील रत्नागिरीला मांडवीत. राजापुरातल्या भाड्याच्या खोलीतून सकाळी एसटीने यायचं, संध्याकाळी परतायचं. कंडक्टरशी बोलले तेवढंच दिवसाचं बोलणं. कधी कधी खोपीत बसून मी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचायचे. आपलाच आवाज मग परका वाटायचा.

एकदा नोंदींत खरखर दिसू लागली, तीही रोज ऐन दुपारी. हातातली लहान अँटेना फिरवत मी तिचा माग काढत खालच्या वाडीत उतरले. बहुतेक घरांना कुलपं, माणसं मुंबईला. एका पडवीत एक आजी ओल्या काजूगरांची सालं काढत होत्या. आत जुना टीव्ही चालू होता आणि समोर कोणीच नव्हतं. खरखर त्याचीच होती. त्याच्या वायरीला मी दोन-तीन तऱ्हेचे फिल्टर लावून पाहिले, पण उपयोग झाला नाही.

"आजी, दुपारपुरता हा बंद ठेवाल का? वर माझ्या यंत्रात त्याची खरखर येते."

"तितक्या लांब?"

"हो."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. "मी काय तो बगत नाय, बाय. घरात कोन बोलत असला म्हंजे बरा वाटता."

मी फिल्टर पिशवीत भरू लागले. त्याच म्हणाल्या, "तू येऊन बसशील काय?"

नोंदी आपोआप होत असत. मी दुपारी पडवीत जाऊन बसू लागले. टीव्ही बंद. एकदा त्यांनी विचारलं, "सूर्य बोलता तरी काय?"

"बराच काळ काहीच नाही. मग एकदम भडकतो, आणि पुन्हा गप्प."

"माज्या पोरासारका. गनपतीत चार दिस घर डोक्यावर घेता."

पावसाच्या तोंडावर तो मुलगा आला आणि त्यांना कायमचं मुंबईला घेऊन गेला. आजींचे गुडघे साथ देत नव्हते, त्याचंही बरोबर होतं.

त्यानंतर लवकरच सूर्यावर मोठा स्फोट झाला. नोंद स्वच्छ आली, एक डागही नाही. मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "अशी नोंद फार क्वचित मिळते." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर खोपीबाहेर येऊन उभी राहिले. सड्यावर ऊन होतं आणि कोणाला सांगावं ते कळेना.

आजींना फोन लावला. सूर्याचं सांगितलं. त्यांना ते कितपत ऐकू गेलं कोण जाणे.

"वाडीत कोन दिसता काय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, आजी."

"मग तू दुपारची बसतेस खंय?"

"इथेच, खोपीत," मी म्हटलं. मग बराच वेळ दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.