पास्कू मुका नव्हता

विलासचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. "शालूताई, पास्कूदादा गेले हो पहाटे," एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले. पास्कू हॉस्पिटलात बरेच दिवस पडून होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणजे बातमी येणार हे ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय होतं? अजून मला धड रडूही आलं नव्हतं, तोवर मोबाईलवर टुणटुण सुरू झाली. आमच्या नाटकाच्या ग्रुपवर निर्मात्यांनी पास्कूचा फोटो टाकला होता. बाजूला समई, खाली गुलाबाची फुलं आणि ठळक अक्षरांत 'रंगभूमीचा मूक सेवक हरपला'. त्याच्याखाली हात जोडलेल्यांची ही भली मोठी रांग. मूक! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. अहो, पास्कू आणि मूक? ज्या माणसाचं तोंड फक्त प्रयोग चालू असतानाच बंद असायचं, आणि पडदा पडल्यावर आवरा आवरा म्हणायची वेळ यायची, तो मूक? त्याच्याबद्दल लिहायला मी मुद्दाम काही आठवडे थांबले. राग शांत होऊ दे, म्हटलं, मग लिहू. राग काही शांत झाला नाही, तेव्हा आहे तसंच लिहिते.

मी डोंबिवलीची. नाटकाचा कपडेपट सांभाळते, म्हणजे नटनट्यांचे कपडे धुणं, इस्त्री करणं, उसवलं तर टाके घालणं आणि प्रवेश बदलताना विंगेत उभं राहून भराभरा साड्या नेसवणं. पास्कू बाळकुमचा, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांपैकी एकातला. नेपथ्याची सगळी मांडामांड त्याच्याकडे. सेट लावायचा, प्रवेश बदलला की अंधारात खुर्च्या-टेबलं हलवायची, प्रयोग संपला की सगळं उतरवून टेम्पोत भरायचं. मी या धंद्यात नवी होते तेव्हा पहिल्याच दिवशी विंगेत माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय गो, बांगड्या काढ." मी सवाष्ण बाई, नवरा घरी धडधाकट, आणि हा कोण मला बांगड्या काढायला सांगणारा? मी त्याला असं काही फैलावर घेतलं की तोंड रंगवायला बसलेले नट आरशातून वळून बघायला लागले. पास्कू हसत हसत गेला आणि माझ्याच टोपलीतली कापडाची पट्टी घेऊन आला. "मग गुंडाळ ही. इकडं वाजलं की तिकडं शेवटच्या रांगेला ऐकू जातं." तेव्हापासून आजपर्यंत प्रयोगाच्या दिवशी माझ्या बांगड्यांना पट्टी असते. पडद्यामागचा आमचा पहिला धडा हाच. अंधारात आवाज नाही. चपला बाहेर काढायच्या, खोकला आला तर पदर तोंडात कोंबायचा, पायावर टेबल पडलं तरी हूं की चूं करायचं नाही. एकमेकांना सांगायचं असेल तर खांद्यावर हात ठेवायचा. एकदा थोपटलं म्हणजे चल, दोनदा म्हणजे थांब.

पण पडदा पडला की मात्र पास्कू सुटायचा. भसाड्या आवाजात गाणी म्हणायचा, टेम्पोवाल्याशी भांडायचा, उशिरा येणाऱ्या नटांना तोंडावर बोलायचा. आमच्या एका नटसम्राटांनी, स्वतःला तसं समजणाऱ्यांनी, एकदा चहा गार आहे म्हणून कप भिरकावला. पास्कूने तुकडे गोळा केले आणि त्यांच्याच मेकअपच्या टेबलावर नेऊन ठेवले. "सायब, तुमचं सामान राहिलं," म्हणाला. साहेबांनी पुन्हा कप फेकला नाही. नव्या नाटकाचा शुभारंभ असला की नटराजासमोर नारळ फोडायचा मानही त्याचाच असे. त्याच्या हातून नारळ एका दणक्यात फुटतो म्हणून निर्माते त्यालाच बोलवत. गळ्यात क्रूस, हातात नारळ, तोंडाने 'गणपती बाप्पा मोरया'. नाताळात सगळ्यांसाठी डबाभर करंज्या आणि केक. बाळकुमात चोहीकडे टॉवर उठले तेव्हा म्हणाला होता, "आता मला माझ्याच गावात वॉचमन विचारतो, कुणाकडं जायचंय?" त्यावरही एवढ्या मोठ्याने हसला की माझा हात हलून टाका चुकला.

आता एका दिव्याबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. रंगमंचामागे एक निळा दिवा असतो. लहानसा, मिणमिणता. पुढे पूर्ण काळोख झाला तरी तो जळत राहतो, आणि त्याच्या उजेडात आम्हाला पायाखालचं दिसतं. ठाण्याच्या ज्या नाट्यगृहात आमचे जास्त प्रयोग होतात, तिथे डाव्या विंगेला लागूनच सामानाच्या खोलीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. ना कठडा, ना काही. त्यांच्यावर हा दिवा. त्याचं बटण मात्र विंगेत नाही, प्रेक्षकांच्या मागे प्रकाशयोजनेच्या केबिनमध्ये आहे. नव्या नाटकाचे दिग्दर्शक तरुण, हुशार, त्यांना काळोख म्हणजे शंभर टक्के काळोख हवा होता. पहिल्या रांगेत कोपऱ्यात बसलं की तो निळा उजेड दिसतो म्हणे. निर्माते म्हणाले, बंद करा. तालमीत पास्कू सगळ्यांसमोर म्हणाला होता, "दिवा बंद करू नका. माणूस पडंल." मी तिथे होते. माझ्या कानांनी ऐकलं. त्यावर निर्माते त्याच्या पाठीवर थाप मारून काय म्हणाले? "अरे पास्कू, तुला तर हे स्टेज डोळे मिटून पाठ आहे!" सगळे हसले. पास्कूही हसला आणि गप्प बसला. मला त्या थापेची जेवढी चीड येते ना, तेवढीच पास्कूचीही येते. मेल्या, टेम्पोवाल्याशी तासभर भांडायचास, मग इथे एका थापेत कसा रे विरघळलास?

रविवारी दुपारचा प्रयोग होता. पहिल्या अंकात काळोख झाला की पास्कू आणि त्याच्या हाताखालचा विलास, दोघांनी डाव्या विंगेतला दिवाण उचलून त्या पायऱ्यांच्या कडेने रंगमंचावर न्यायचा. जड सामान दोघांनी नेताना एकाला उलटं चालावं लागतं, आणि ती बाजू पास्कू कधीच दुसऱ्या कुणाला देत नसे. "मागं डोळे फक्त मला हायत," म्हणायचा. त्या दिवशी काळोखात त्याचं पाऊल पायऱ्यांच्या कडेवर पडलं आणि तो मागच्या मागे खाली गेला. दिवाण दाणकन आपटू नये म्हणून विलासने एकट्याने तोलून धरला, अलगद टेकवला, आणि मग तो खाली धावला. एवढं झालं, पण समोर बसलेल्या कुणालाही काही ऐकू गेलं नाही. मी पलीकडच्या विंगेत साडी घेऊन उभी होते, मलाही नाही. दिवाण आला नाही तेव्हा नटाने उभ्यानेच वाक्य घेतलं; मला वाटलं, काहीतरी अडकलं असेल. विलासने वर येऊन निर्मात्यांना गाठलं, कानात सांगितलं, पास्कूदादा पडले, डोक्याला लागलंय, बाहेर काढायला हवं. त्या काळोखात त्याला पायऱ्यांनी वर आणता येणार नव्हतं, आणि खोलीतून थेट रस्त्यावर निघायला एकच वाट, मोठं लोखंडी शटर. ते उघडताना जो खडखडाट होतो तो गल्लीच्या टोकापर्यंत जातो. निर्माते म्हणाले, "आत्ता शटर? वेडा आहेस का? इंटरव्हलपर्यंत काढा कसंतरी." विलास परत खाली गेला तर पास्कूही मान हलवत होता. नको, म्हणत होता. त्याने विलासच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

अंक पडला आणि मला कळलं. मी खाली गेले तेव्हा विलास त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पास्कूने स्वतःच्या गळ्यातला नॅपकिन तोंडात कोंबून घेतला होता. डोळे उघडे, लालबुंद. मी तो नॅपकिन ओढून काढला. त्याने मला विचारलं, "अंक पडला का गो?" मी म्हटलं, "पडला रे." आणि मग पास्कू ओरडला... असा ओरडला की आजही कुकरची शिटी झाली तरी मी दचकते. सबंध अंकभर आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मग शटर उघडलं, मग रिक्षा, मग हॉस्पिटल. "लवकर का नाही आणलंत?" डॉक्टर विचारत होते. काय सांगायचं त्यांना? नाटक रंगात आलं होतं म्हणून? इकडे दुसरा अंक वेळेवर सुरू झाला. तिसऱ्या घंटेला एक मिनिटही उशीर झाला नाही, हे निर्मात्यांनी नंतर स्वतःच अभिमानाने सांगितलं.

शोकसभा झाली. निर्माते बोलायला उभे राहिले. "मस्तक फुटलं, पण पास्कूच्या ओठांतून आवाज फुटला नाही! त्याने स्वतःच सांगितलं, अंक संपू द्या. याला म्हणतात निष्ठा!" लोक डोळे पुसत होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. जिवंत होता तेव्हा दिवा बंद करू नका म्हणाला, ते कुणी ऐकलं नाही. पास्कूची बायको फिलोमेना माझ्या शेजारी बसली होती. काळे कपडे, हातात रुमाल, पण डोळे कोरडे. माझ्याकडे वळून म्हणाली, "घरात सुई टोचली तरी गाव गोळा करायचा गो. तिथं गप का राहिला?"  मग म्हणाली, "तो दिवा लावला का आता?"

सभा संपल्यावर मी निर्मात्यांना तेच विचारलं. म्हणाले, "शालूताई, आज हा विषय नको. भावना समजतात." मी म्हटलं, भावना राहू द्या, दिव्याचं बोला. पास्कूच्या जागी आता विलास उलटा चालणार आहे. त्याची मुलगी अजून बालवाडीत आहे. त्यावर दिग्दर्शकांनी शांतपणे समजावलं की हा प्रकाशाच्या संकल्पनेचा प्रश्न आहे, विलासला वाटलं तर चार दिवस पावलांचा सराव करून घेऊ. सराव! पास्कूने उभा जन्म सराव केला होता की. निर्माते म्हणाले, बघू, काहीतरी करू. हे 'बघू' मी नाटकात आल्यापासून ऐकतेय. विलासला म्हटलं, तू नाही म्हण. तर मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी येईल, आणि त्याला त्या पायऱ्या माहीतसुद्धा नसतील." पास्कूचाच चेला तो, आणखी काय बोलणार?

पुढचा प्रयोग पुन्हा ठाण्यातच लागला, त्याच नाट्यगृहात, दुपारचा. सुरू होण्याआधी निर्मात्यांनी माईकवरून पास्कूची गोष्ट सांगितली, नॅपकिनसकट. सगळं प्रेक्षागृह श्रद्धांजलीसाठी उभं राहिलं. पडद्यामागे आम्हीही उभे होतो. मला वाटलं, एवढं बोललेत निर्माते, म्हणजे दिवा लावला असणार. नाटक सुरू झालं, पहिला प्रवेश संपला, काळोख झाला. मी या वेळी मुद्दाम डाव्या विंगेत उभी होते. वर बघितलं. नव्हता लावला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा शंभर टक्के काळोख, आणि त्यात विलासचे अनवाणी पाय फरशी चाचपत मागे मागे सरकताना ऐकू येत होते. माझ्या हातापासून थोड्याच अंतरावर. खांद्यावर दोनदा थोपटायला हात पुढे केला, पण त्याचा खांदा सापडेना.

मी ओरडले. "विलास, थांब! पाऊल टाकू नकोस! दिवा लावा रे कुणीतरी, दिसत नाहीये इथे!" इतक्या वर्षांत विंगेत माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. तो असा निघाला की बाहेर शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार. बाहेर कुजबुज उठली. निर्माते अंधारात धडपडत आले आणि माझं मनगट पकडून दात-ओठ खात कुजबुजले, "बाई, हळू! प्रेक्षकांना ऐकू जातंय!" मी म्हटलं, "केबिनमध्ये ऐकू जाऊ दे. दिवा लावा!" आणि पुन्हा ओरडले. त्यांच्या तोंडावर.

केबिनमधल्या पोराला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने निळा दिवा लावला. विलासची टाच पायरीच्या कडेला टेकली होती. त्याने खाली बघितलं, पाऊल बाजूला घेतलं, मग त्याने आणि दुसरं टोक धरलेल्या नव्या गड्याने दिवाण रंगमंचावर नेऊन ठेवला. समोर उजेड झाला, नट येऊन दिवाणावर बसला, त्याने आपलं वाक्य घेतलं. वाक्य विनोदी आहे. प्रेक्षक नेहमीच्याच ठिकाणी, नेहमीसारखेच हसले. डोक्यावर दिवा जळत होता आणि नाटकाचं काहीसुद्धा बिघडलं नव्हतं.