पाचानंतरचा आकडा

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीकडे येणारी माणसं पाहून कोणालाही वाटावं की वर गुडघ्यांचा दवाखाना आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी एकेक म्हातारा कठडा धरून जिना चढायचा, मधल्या वळणावर थांबून जिना बांधणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार करायचा आणि वर पोचला की छाती काढून आत शिरायचा. शिरताना प्रत्येकजण मान खाली घालून जाई. दार चांगलं ऐसपैस उंच होतं. पण आयुष्यभर दोरांखालून रिंगमध्ये शिरलेल्या माणसाला दाराच्या उंचीवर विश्वास ठेवणं जड जातं.

हा निवृत्त बॉक्सर आणि बॉक्सिंगप्रेमी यांचा क्लब होता. म्हणजे ज्यांनी मार खाल्ला आणि ज्यांनी तो तिकीट काढून पाहिला, अशा दोन जातींची माणसं इथे एकाच किटलीतला चहा प्यायची. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. त्यांनी जन्मात कधी ग्लोव्ह घातला नव्हता, पण निम्म्या क्लबचं हसू त्यांच्या हातचं होतं, त्यामुळे त्यांच्या विरोधात कोणी तोंड उघडत नसे.

काटेसाहेब मात्र या दोन्ही जातींत बसत नव्हते. ते रेफरी होते. नोकरी वजनकाट्यावर. गावाबाहेरच्या नाक्यावर भरलेले ट्रक तोलायचे आणि चिठ्ठी फाडून द्यायची, यात त्यांची उमर गेली. नावही तिथूनच पडलं. ट्रकवाले त्यांना घाबरून असत. खडीच्या ट्रकवर बसलेला कावळा उडेपर्यंत वजन न लिहिणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. एकदा एका सामन्याचा रेफरी ऐनवेळी आला नाही, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "त्या काट्यावरच्या माणसाला उभा करा, तो बापाला सोडणार नाही." त्यांना उभं केलं. अंगाने ते असे की दोन पैलवानी गड्यांच्या मधे उभे राहिले म्हणजे दोन कपाटांच्या फटीत छत्री ठेवल्यासारखे दिसत. पण त्यांनी बोट वर केलं की कपाटं थांबत. पुढे बरीच वर्षं त्या भागातली एकही झुंज त्यांच्यावाचून झाली नाही.

एवढ्या वर्षांत त्यांच्या निकालाला नाव ठेवणारा एकच माणूस निघाला, आणि दैवाने तोच त्यांचा जिवलग मित्र झाला. हातोडा त्याचं नाव. बसच्या सांगाड्यांचं वेल्डिंग करणारा, खांद्याने दार अडवणारा माणूस. तरुणपणी एका मोठ्या झुंजीत क्लबातल्याच बेकरीवाल्याने त्याच्या जबड्यावर डावा ठोसा घातला, हातोडा पालथा पडला, काटेसाहेबांनी दहा मोजले आणि झुंज संपली. संपली आपली रिंगमध्ये. क्लबात ती दर महिन्याला चालू होती.

"तू सहा खाल्लास," हातोडा म्हणायचा.

"मी सहा म्हटलं."

"पाच म्हणालास, मग सात म्हणालास. मी जमिनीला कान लावून पडलो होतो. मी मनात तुझे आवाज मोजत होतो. माझ्या हिशेबाने नऊला मी उभा होतो, आणि तू दहा म्हणून हात हलवून मोकळा!"

"डोक्यात घंटा वाजत असताना तू मोजत होतास?"

"घंटा डोक्यात वाजत होती, कानात नाही."

मग कोणीतरी बिस्किटांची बशी पुढे करायचं, काटेसाहेब एक उचलायचे आणि हातोडा म्हणायचा, "हे घे, सहावं पण घे. तुला आवडतं." सगळे हसायचे. काटेसाहेबही हसायचे. मग दोघं बरोबर घरी जायचे, कारण राहायला एकाच गल्लीत.

काटेसाहेबांच्या मनातली एक गोष्ट मात्र बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. त्यांना ती झुंज लख्ख आठवत होती. हातोड्याच्या बुटाची सुटलेली नाडी आठवत होती. आपण 'पाच' म्हटलेलं आठवत होतं, 'सात' म्हटलेलं आठवत होतं. पण 'सहा' म्हटलेलं आठवत नव्हतं. म्हटलं असणारच, अशी खात्री होती. पण खात्री निराळी आणि आठवण निराळी. हा फरक ज्याने जन्मभर ट्रक तोलले त्याला कळणार नाही तर कोणाला?

आणि आता हातोडा निघाला होता. बायको जाऊन काही वर्षं झालेली, हात थरथरायला लागलेले. मुलीने दूरच्या शहरात स्वतःकडे कायमचं राहायला बोलावलं होतं. जाताना तो "मोजणी बरोबर होती" म्हणाला असता तर काटेसाहेब सुखाने झोपले असते. न म्हणता गेला, तर तो आळ त्यांच्या गळ्यात आणि आळ घालणारा कोसभर नव्हे, तर आगगाडीच्या पल्ल्यावर. भांडायचं तरी कोणाशी?

क्लबाची एक रीत होती. जो सभासद गाव सोडून जाईल, त्याला निरोपाची फेरी मिळायची. आयुष्यातल्या कुठल्याही झुंजीची कुठलीही एक फेरी त्याने मागायची आणि हयात असतील त्यांनी ती सावकाश, न लागेल अशा बेताने, पुन्हा करून दाखवायची. बहुतेकजण आपण जिंकलेली फेरी मागत. हातोड्याने हरलेली मागितली.

"सगळी फेरी नको," तो म्हणाला. "बेकरीवाल्याने मारायचं, मी पडायचं. पुढचं काम काट्याचं."

त्या रविवारी घरच्यांनाही बोलावलेलं होतं. काटेसाहेबांच्या बायको खिडकीजवळ बसल्या. चार खुर्च्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधून रिंग झाली. काटेसाहेबांनी कधी नव्हे तो पांढरा सदरा आणि गळ्याला बो घातला होता. बायको शेजारणीला म्हणाल्या, "लग्नात एवढे नटले नव्हते."

बेकरीवाला आत आला. पिठाच्या गोण्या उचलून त्याची पाठ कमानीसारखी झाली होती, पण डाव्या हाताची मूठ अजून पावाचं पीठ मळायच्या परातीएवढी होती. त्याने ती सावकाश आणून हातोड्याच्या जबड्यापासून बोटभर अंतरावर थांबवली.

"लागला," हातोडा म्हणाला आणि पडायला लागला. आधी एक हात खुर्चीवर. मग एक गुडघा. मग, "थांबा, थांबा," म्हणत दुसरा. मग चष्मा काढून डॉक्टरांकडे दिला. पूर्वी त्याला पाडायला समोरच्याचा घाम निघायचा. आता पडताना त्याचा स्वतःचा निघाला. अखेर तो पालथा झाला आणि कान जमिनीला लावला.

"कोपऱ्यात जा," काटेसाहेबांनी बेकरीवाल्याला फर्मावलं. तो नियमाप्रमाणे लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

काटेसाहेब वाकले. खोलीत चमचाही वाजेना. खाली दुकानात कोणीतरी टायर ठोकत होता, तोही थांबला.

"एक," काटेसाहेब म्हणाले आणि उजव्या हाताचं एक बोट हातोड्याच्या कानाजवळ धरलं. "दोन. तीन. चार. पाच."

पुढे क्षणभर थांबले.

"सात. आठ..."

"खाल्ला!" जमिनीवरून हातोडा ओरडला. "पुन्हा खाल्ला! देवाशपथ, पुन्हा खाल्ला!"

खोलीत एकच कल्लोळ झाला. काटेसाहेब ताठ उभे राहिले. चेहरा सदऱ्याएवढा पांढरा. "मी सहा म्हटलं," ते म्हणाले.

"नाही म्हटलं हो," डॉक्टर हळूच म्हणाले.

"बोटं दाखवली की त्याने!" कोपऱ्यातून बेकरीवाला म्हणाला. "सहा बोटं. मी बघितली. त्या दिवशीही बघितली होती. उगाच काय!"

"मी पालथा होतो रे!" हातोडा जमिनीवरून म्हणाला. "मला काय ढुंगणाला डोळे आहेत?"

डॉक्टरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. दाताचा दुखणारा भाग शोधताना ते जसे सावकाश टकटक करत जातात, तसे म्हणाले, "काटेसाहेब, तुम्ही उभ्यानेच पुन्हा मोजा. काही मनात आणू नका. नेहमीसारखं."

काटेसाहेबांनी मोजलं. एका हाताची पाच बोटं संपली. मग त्यांनी तो पंजा तसाच उघडा ठेवला, दुसरा हात पाठीमागून पुढे आणला, त्याचा अंगठा उभा केला, आणि हे करताना एक मोठा श्वास आत घेतला. श्वास घेताना माणसाला बोलता येत नाही. अंगठा सहा म्हणाला, तोंड गप्प राहिलं. मग तोंड "सात" म्हणालं.

या वेळी त्यांना स्वतःलाही ऐकू आलं. म्हणजे ऐकू आलं नाही, हे ऐकू आलं.

"तुमच्या लक्षात नाही आलं कधी?" डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला विचारलं.

"मला वाटलं रेफरी लोक असंच मोजतात," त्या म्हणाल्या. "मुलं लहान होती तेव्हा हे दहा मोजून त्यांना अंथरुणातून उठवायचे. धाकटा शाळेत पाचानंतर सात म्हणाला म्हणून मास्तरांनी त्याला बाकावर उभा केला. मी म्हटलं, पोरगं बापासारखं मंद आहे."

"अगं, मग मला सांगायचंस!"

"तुम्हाला कोण सांगणार? तुमचं कधी चुकतं का?"

डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलला. रोग सापडला की डॉक्टर खूश असतात, रोग्याचं काहीही होवो. "म्हणजे दोघंही खरे!" ते टाळी वाजवून म्हणाले. "हातोड्याला सहा ऐकू आला नाही, हे खरं. काटेसाहेबांनी सहा दिला, हेही खरं. वेळ तर दहाचा पुरा झाला होता. निकाल बरोबर, तक्रारही बरोबर. आणा चहा."

सगळे किटलीकडे वळले. हातोडा एव्हाना कसाबसा उठून मांडी घालून बसला होता. तो चहा म्हटल्यावर हसला नाही. "म्हणजे दहा झाले होते," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे मी हरलोच होतो म्हणायचं." आणि जमिनीवरची धूळ बोटाने गोळा करू लागला.

काटेसाहेब त्याच्याकडे बघत उभे राहिले. हवं होतं ते सगळं त्यांना मिळालं होतं. सहा दिला होता. दहा पुरे होते. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं त्यांना किती सहज जमतं हे नुकतंच सिद्ध झालं होतं.

"डॉक्टर, चहा थांबवा," ते म्हणाले. "नियम असा आहे, की मोजणी पडलेल्या माणसाला ऐकू गेली पाहिजे. बोटं असतात ती पंचांच्या टेबलासाठी आणि प्रेक्षकांसाठी. जो पडलाय त्याच्यासाठी आवाज. मी त्याला नऊच आकडे दिले. नवव्या आवाजाला तो उभा होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय." त्यांनी बो सरळ केला. "मोजणी चुकीची होती. माझी चूक. तो निकाल मी रद्द करतोय."

"आत्ता?" डॉक्टर म्हणाले.

"रेफरी आहे मी. रिंगमध्ये उभा आहे. आत्ता नाही तर कधी?"

हातोड्याने वर पाहिलं. "मग मी जिंकलो?"

"नाही. पुढे काय झालं असतं ते कोणाला ठाऊक? झुंज अनिर्णित."

हातोड्याने बोटांची धूळ सदऱ्याला पुसली. "चालेल," तो म्हणाला, आणि हात पुढे केला. काटेसाहेबांनी त्याला ओढून उभं करायचा प्रयत्न केला, तेव्हा छत्रीने कपाट उचलायला निघाल्यासारखं दिसलं. शेवटी चौघांनी मिळून उचलला. टाळ्या पडल्या. कोणीतरी डोळे पुसले, आणि सर्दीवर ढकललं.

या गडबडीत लांबच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या बेकरीवाल्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. रेफरीने बोलावल्याशिवाय कोपरा सोडायचा नाही, हा नियम म्हणून तो बिचारा अजून तिथेच दोरी धरून उभा होता. आता त्याच्या चेहऱ्यावर, भट्टी तापावी तसा, खालून वर लाल रंग चढत गेला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "अनिर्णित कसं काय? मी पाडला ना त्याला? मोजायला चुकलास तू, आणि झुंज गेली माझी?"

"बस खाली, चहा घे," डॉक्टर म्हणाले.

"चहा गेला खड्ड्यात! अरे, मोठी म्हणावी अशी मी आयुष्यात ती एकच झुंज जिंकलो! दुकानात गल्ल्याच्या मागे फोटो लावलाय. नातवंडांना सांगितलंय. आता त्यांना काय सांगू? की आजोबांनी पाडला खरा, पण काट्याचा श्वास अडकला?"

"श्वास अडकला नव्हता, घेतला होता," काटेसाहेब म्हणाले.

"मग घ्यायचा कशाला मधेच? बाकीचं जग काय श्वास न घेता मोजतं?"

हातोडा बुधवारच्या गाडीने गेला. गाडीच्या खिडकीतून त्याने एक हात उघडा आणि दुसऱ्याचा अंगठा वर करून दाखवला. फलाटावर काटेसाहेब मान हलवून हसले. पण त्यांना नीट निरोप काही घेता आला नाही, कारण शेजारी बेकरीवाला उभा होता आणि गाडी सुटण्याच्या आधीपासून सुटेपर्यंत, आणि मग सबंध रस्ताभर, तो एकच म्हणत होता, "पण मला सांग काट्या, पाडला कोणी?"