दोन ओळी खाली

मला अडगळ सहन होत नाही. पुण्यातल्या माझ्या खोलीत रिकामा खोका दोन दिवस टिकत नाही, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एखादी फाइल विनाकारण पडून असली तर माझं जेवणात लक्ष लागत नाही. या खोडीपायी मी एकदा आमच्या मंगरूळपीरच्या घरी दोन मिनिटांचं एक काम केलं आणि आईची दुपार मोडून ठेवली.

घरचा कॉम्प्युटर मी बारावीत असताना आला. बाबा सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबांच्या टेबलावरचं मशीन रोज पुसता पुसता, आपल्याही घरी एक असावं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मशीन एक आणि आम्ही दोघं. ताई स्पर्धा परीक्षेची तयारी करायची, मी गेम खेळायचो आणि आठवड्यातून एकदा सगळं बिघडवून ठेवायचो. तिच्या नोट्स माझ्या हातून दुसऱ्यांदा उडाल्या तेव्हा तिनं मला झाडूनं मारलं. मग तोडगा म्हणून प्रत्येकाची हार्डडिस्क वेगळी झाली. माझी मी अकोल्याहून जुन्या बाजारातून आणली, ताईची तिनं शिकवणीच्या पैशांतून घेतली, आणि मूळची जी होती ती आईच्या नावानं ठेवली. तिच्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, कारण त्यात सगळं मराठीत दिसायचं. आई चौथीपर्यंत शिकलेली. मराठी झरझर वाचते, इंग्रजीच्या वाटेला जात नाही.

आता तीन डिस्क म्हटल्यावर कॉम्प्युटरला सांगावं लागे की आज कोणाच्या डिस्कवरून सुरू व्हायचं. मशीन चालू करताना एफ-बारा हे बटण दाबलं की काळ्या पडद्यावर यादी यायची. पहिली ओळ माझी, दुसरी ताईची, तिसरी आईची. त्याखाली मशीनच्या स्वतःच्या दोन ओळी असायच्या, त्यांच्याशी आम्हाला काम नव्हतं. बाणाच्या बटणानं खाली जायचं आणि एंटर मारायचं. आईला ते बटण सापडेना म्हणून ताईनं कपाळावरची लाल टिकली काढून त्यावर चिकटवली. तेव्हापासून आमच्या घरात त्या बटणाला टिकलीच म्हणतात. जुनी झाली की आई नवी लावते.

आई कॉम्प्युटरवर पत्ते खेळते. एकट्यानं लावायचा तो डाव. ताईनं शिकवला. आमच्या वस्तीत बाईमाणसानं पत्त्यांना हात लावलेला कोणाला खपला नसता, पण पडद्यावरच्या पत्त्यांबद्दल कोणी काही ठरवलं नव्हतं. दुपारी दोनला भांडी झाली की आई दार लोटून बसायची. त्या वेळी फोन उचलायची नाही. बाबा थट्टेनं म्हणायचे, "तुही माय ड्युटीवर गेली."

मग ताईचं लग्न झालं आणि ती वाशीमला गेली. तिची डिस्क तिनं काढून नेली, तिच्यात तिचा सगळा अभ्यास होता. महिन्याभरानं बाबा तहसीलमध्ये जाऊन रेशनकार्डातून तिचं नाव कमी करून आले. नाव कमी करणे, असंच त्या अर्जावर लिहिलेलं असतं. आई त्या संध्याकाळी कोणाशी बोलली नाही. आम्हाला वाटलं, डोकं दुखत असेल. पुढे मला पुण्याला कॉम्प्युटरचीच नोकरी लागली, मीही माझी डिस्क खिशात घालून निघालो. त्यानंतर तीन वर्षांनी बाबा गेले.

डिस्क गेल्या तरी यादीतली नावं गेली नाहीत. ती डिस्कवर नसतातच, कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाच्या आठवणीत लिहिलेली असतात. काही बोर्ड गेलेल्या डिस्कांची नावं आपणहून पुसतात. आमचा तसला नव्हता. आई घरात एकटी राहायला लागली तरी दुपारी यादीत आमच्या तिन्ही ओळी तशाच यायच्या. वरच्या दोन ओळींवर कितीही एंटर मारलं तरी काही सुरू होणार नव्हतं.

गेल्या वर्षी चार दिवसांच्या सुट्टीत मी ती यादी पाहिली आणि माझ्या अंगात स्वच्छतेचं वारं शिरलं. बोर्डाच्या सेटिंगमध्ये ओळींचा क्रम बदलता येत होता, पण ओळ काढून टाकायची सोय नव्हती. म्हणून आईच्याच लिनक्समधून बोर्डाला यादी मागितली. प्रत्येक नावापुढे चार आकडी नंबर आला. आईची ओळ चुकून उडू नये म्हणून नंबर दोनदा ताडून पाहिले. मग एक कमांड, आणखी एक कमांड, आणि दोन्ही मेलेल्या ओळी गेल्या. मला खरोखर छान वाटलं.

"आई, आता टिकली दाबाचं काम नाही," मी म्हटलं. "मशीन चालू केलं की सिद्दे तुहे पत्ते."

आई अंबाडीची भाजी निवडत होती. "बरं," एवढंच म्हणाली.

पुण्याला आल्यावर एक दिवस डबा खाताना चुकून दोनच्या सुमाराला घरी फोन लावला. आईनं पहिल्या रिंगला उचलला. मला आवडलं ते. दुसऱ्या दिवशी लावला, पुन्हा पहिल्या रिंगला. वाटलं, चला, आता आपल्याला आईची दुपार मिळाली. पत्त्यांचं विचारलं तर म्हणायची, लाइन नाही. पंधरा दिवस रोज दुपारी मंगरूळपीरची वीज कशी जाते, हे मला सुचलं नाही. ताईचा फोन आला तेव्हा कळलं.

"आईनं पत्ते सोडले, मालूम हाये का तुले? मशीनवर कपडा टाकला अन् वरतून लसणाची टोपली ठेवली. तुनं काय करून ठेवलं?"

"मी कायले काही करू? साफ केलं फक्त."

"मंग आता जाऊन पाह्य."

त्याच शुक्रवारी गाडी पकडली. शेलूबाजारला हायवेवर उतरलो, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घरी आलो. डोक्यात माझं निदान तयार होतं: तिला नवी पद्धत जमली नसणार, सवयीनं टिकली दाबून भलत्याच पानावर जात असणार. आता यादीत आईच्या ओळीखाली बोर्डाच्या स्वतःच्या दोन ओळी उरल्या होत्या. दोनदा खाली जाऊन एंटर मारलं तर सेटिंगचं इंग्रजी पान उघडत होतं. चहा झाल्यावर मी टोपली उतरवली, कपडा काढला आणि तिला खुर्चीवर बसवलं. तिनं मशीन चालू केलं, टिकली दाबली, दोनदा खाली गेली, एंटर मारलं. करड्या रंगाचं इंग्रजी पान समोर आलं.

"पाह्य," मी चिडून म्हणालो, "मी सांगतलं होतं ना, काही दाबू नको म्हणून. काहून दाबते?"

"न दाबताबी सुरू होते, मालूम हाये मले," आई शांतपणे म्हणाली. "एक दिवस केलं तसं. पत्ते आले. मन नाही लागलं."

ती पडद्याकडेच बघत होती.

"पयली ओळ तुही. दुसरी ताईची. तुमा दोघायच्या ओळीवरून खाली आली की माही येते. रोज तशीच बसत होती मी." मग जरा थांबून म्हणाली, "कारडातून ताईचं नाव कमी केलं तवा तुह्या बाबाले मी काही म्हटलं नाही. सरकारी काम होतं ते. हे कायले कमी केलं? इथं कोणी मांगतलं होतं?"

मला रडू आलं आणि ते लपवायला मी मशीनच्या मागच्या वायरी तपासायला वाकलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की आई ती यादी कशीबशी पार करून पत्त्यांपर्यंत पोचते. माझ्या डोळ्यांना त्या ओळींत गेलेल्या दोन डिस्क दिसत होत्या, आणि मी मोठ्या हुशारीनं नंबर ताडून त्या पुसल्या होत्या.

मग मी बसलो आणि धंद्यातल्या माणसानं कधी करू नये ते केलं. बोर्डाला दोन नव्या ओळी लिहायला लावल्या, नसलेल्या डिस्कांचा पत्ता देऊन. क्रम लावला: पहिली, दुसरी, आणि तिसरी आईची. नव्या ओळींना हवं ते नाव देता येतं. बोर्डाला मराठी अक्षरं कळत नाहीत, म्हणून इंग्रजीत एकीवर 'बाबू' लिहिलं, आई मला हाक मारते तसं, आणि दुसरीवर 'ताई'. नोकरीत कोणी असं करून ठेवलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

"लिवलं काय त्याच्यात?" आईनं विचारलं. मी सांगितलं. तिनं ब्लाउजच्या कडेला लावून ठेवलेली नवी टिकली काढली, बटणावरची झिजलेली खरवडली आणि तिथं ती दाबून बसवली. मशीन चालू केलं. यादी आली.

"हा बाबू," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली आणि खाली गेली. "हे ताई." पुन्हा खाली. मग एंटर. पत्ते येईपर्यंत मला म्हणाली, बाजूला सरक, उजेड अडवून राह्यला.

परवा डबा खाताना दुपारी दोनला घरी फोन लावला. आईनं उचलला नाही. पुन्हा लावला, वाजून वाजून बंद झाला. मी डबा धुतला आणि कामाला लागलो.