अंबाडीच्या बोंडांचा जॅम

२०१४च्या जूनमध्ये माझी बदली कासाच्या पुढे, हायवे सोडून बरंच आत असलेल्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली. मी वरोरची. पहाटे निघून डहाणू, मग कासा, आणि कासाहून भरेपर्यंत न सुटणारी जीप, असा रोजचा प्रवास. दोन खोल्यांची शाळा, आम्ही दोन शिक्षक, आणि मुलांची खिचडी शिजवायला पाड्यावरच्याच एक जणी. मुलं त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशी म्हणू लागले. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, सायवनकडच्या माहेरच्या, कमी बोलणाऱ्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर एके दिवशी त्यांनी खिचडीबरोबर मुलांच्या ताटात लालभडक काहीतरी वाढलं. मी बोटाने चाटून पाहिलं आणि माझे डोळे मिटले, इतकं आंबट.

"काय आहे हे, मावशी?"

"अंबाडीची बोंडं. बांधावर लावतो आम्ही. गूळ घालून शिजवली."

मला घरी जॅम करायचा नाद होता. वाडीतल्या चिकूंचा करून पाहिला होता, पण तो कधी जमून येत नसे, पातळच राही. या बोंडांचा करू या का, असं मी विचारलं. मावशी हसल्या. पुढच्या शनिवारी, मुलं घरी गेल्यावर, आम्ही दोघी खिचडीच्या शेडमध्ये टोपली घेऊन बसलो. मी घरून साखर आणि काचेच्या बाटल्या आणल्या होत्या.

बोंडाची लाल जाड पाकळी काढली की आत बियांची हिरवी गाठ राहते. मी त्या गाठी बाहेर फेकायला निघाले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"बाई, बिया नका टाकू. आधी त्याच उकळायच्या. ते पाणी बुळबुळीत होतं ना, त्यात पाकळ्या शिजवल्या की आपोआप घट्ट होतं. आणि जर्मनच्या टोपात नको, आंबट आहे. स्टीलचं घ्या."

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एकदा पाणी कमी होतं म्हणून बिया उकळलेलं तेच पाणी वापरलं, आणि दुसऱ्या दिवशी भांडं उपडं केलं तरी आतलं सांडेना, असं त्या सांगत होत्या. मी माझ्या परीने एकच भर घातली, गुळाऐवजी साखर. त्यामुळे रंग काळवंडला नाही. थेंब स्टीलच्या ताटलीवर टाकून बोटाने ढकलला, तर त्याला सुरकुती पडली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच जॅम जमून आला होता.

मग दर वर्षी दिवाळीनंतरच्या एका शनिवारी हे ठरलेलंच झालं. भातकापणी उरकली की पाड्यावरची निम्मी घरं वीटभट्ट्यांवर जायची आणि त्यांच्याबरोबर मुलंही. वर्ग आठवड्याभरात रिकामा व्हायचा. जाणाऱ्या प्रत्येक घरात आम्ही एक छोटी बाटली द्यायचो. उरलेल्या मुलांना पावाला लावून. मावशी मला आता 'बाई' म्हणत नव्हत्या. 'बाय, तू जेवलीस का', 'बाय, जीप गेली तर इथंच राहा', असं चालायचं. माझी आई गेली त्या वर्षी मी पंधरा दिवसांनी शाळेत आले, तर त्या माझ्याशेजारी बसून तांदूळ निवडत राहिल्या. इतकं बरं मला घरीही वाटलं नव्हतं.

२०१७मध्ये तालुक्याच्या ठिकाणी महिलांची खाद्यपदार्थांची स्पर्धा होती. मी जॅमच्या दोन बाटल्या घेऊन गेले. खरं तर मावशींनाच न्यायचं होतं, पण त्यांच्याकडे त्या दिवशी भाताची झोडणी होती. नावनोंदणीच्या टेबलावर फॉर्म पुढे आला. एकच ओळ होती नावाला. दोघींची नावं लिहिता आली असती, नाही असं नाही. मी माझं लिहिलं. नंतर सांगू, असं मनाशी म्हटलं.

पहिला नंबर आला. शाल, प्रमाणपत्र, फोटो. एका स्थानिक साप्ताहिकाचा वार्ताहर विचारत होता, "मॅडम, हे कुठे शिकलात?" समोर पंचवीस-तीस बायका उभ्या होत्या. मी म्हणाले, "आईकडून."

ते शब्द कुठून आले, मला आजही सांगता येत नाही. माझ्या आईने जन्मात अंबाडीचं बोंड हातात घेतलं नव्हतं.

मावशींना मी फक्त एवढंच सांगितलं, की आपला जॅम लोकांना आवडला. त्या खूश झाल्या. शाल मी घरी ठेवून दिली.

दोनएक महिन्यांनी कोणीतरी शाळेत ताटं गुंडाळून आणली ती त्याच साप्ताहिकाच्या कागदात. चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत तो कागद घेऊन शेडमध्ये धावत आली. "मावशी, बाईंचा फोटो!" दुसरीत तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, मी रोज समोर बसवून तिला वाचायला शिकवलं होतं. ती एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. मी दारात उभी होते. तिला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही.

"हा... जॅम... करण्याची... कला... त्यांना... आपल्या... आईकडून... मिळाली."

मुलीने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. मावशींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"तुझी आई करायची?" त्यांनी विचारलं.

मी मुलीच्या हातातला कागद घेतला आणि त्याची घडी घातली.

"बरं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बाई, तेल संपलंय. उद्याला आणायला सांगा."

त्या कधी रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत. काम चोख करत राहिल्या. पुढच्या दिवाळीनंतर मी साखर घेऊन गेले तर म्हणाल्या, "यंदा लावली नाही अंबाडी." जीपमधून येताना मला त्यांचा बांध दिसला होता, लाल झालेला. मी साखर पिशवीत परत ठेवली.

त्याच नोव्हेंबरमध्ये जमीन हलू लागली. डहाणू-तलासरीत सगळीकडेच धक्के बसत होते. आधी जमिनीच्या पोटात कुणी ढोल बडवल्यासारखा आवाज यायचा, मग भिंती थरथरायच्या. वर्ग आम्ही झाडाखाली भरवू लागलो. पाड्यावर लोक घराबाहेर ताडपत्र्या टाकून राहत होते. एका दुपारी मी मावशींच्या घरी गेले. प्रमाणपत्र बरोबर नेलं होतं. चूक झाली, खोटं बोलले, माफ करा, हे सगळं मी एका दमात बोलले. दुरुस्ती छापा म्हणायला साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन आले, पण ते म्हणाले जुनी बातमी आहे, आता काय छापायचं, हेही सांगितलं.

त्यांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि मला परत दिलं.

"कुठं लावू हे? भिंतीला भेग गेलीये." मग शांतपणे म्हणाल्या, "बाई, एक सांगू? नाव घेतलं त्याचं काही नाही. नाव काय करायचंय मला? पण आईचं सांगितलंत. मी शिकवलं म्हणायला लाज वाटली ना?"

मी 'नाही' म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला नाही, आणि बरोबरच होतं त्यांचं. मला चहा दिला. निघताना जीपपर्यंत पोचवायला आल्या, कारण एकटीला सोडणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

२०१९मध्ये माझी बदली घराजवळ झाली. निरोपाच्या दिवशी मुलं रडली. मावशींनी माझ्यासाठी खिचडी वेगळी काढून ठेवली होती, मिरची कमी घालून.

त्या हिवाळ्यात कासाच्या बाजारातून बोंडं आणून मी घरी जॅम केला. बिया उकळल्या, स्टीलचं पातेलं घेतलं, सगळं बरोबर केलं. छान जमला. मला मात्र एक चमचाही गिळवेना. बाटली तशीच राहिली आणि फेब्रुवारीत तिच्यावर बुरशी आली.

माझ्या जागी आलेल्या शिक्षिका एकदा मीटिंगमध्ये भेटल्या. मावशींची मी चौकशी केली.

"त्या ना? बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "मुलांसाठी कसला तरी लाल जॅम करतात, इतका सुंदर! मी म्हटलं, मला शिकवा. पण जॅम करायच्या दिवशी शेडचं दार आतून लावून घेतात. कोणालाच आत येऊ देत नाहीत. असं का करत असतील हो?"

"माहीत नाही," मी म्हणाले.