पाड्याच्या रस्त्यासमोरचं शून्य

आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात गेली वीस वर्षं खलनायक मीच असतो. नायक बदलतात, नायिका लग्न होऊन कल्याणला जातात, मी मात्र तोच, त्याच मिशीसकट. त्यामुळे उजेडाबद्दल मला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक आहेत. दिवा बरोबर डोक्यावर आला की माणसाच्या डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. आणि त्या दिव्याच्या गोलाबाहेर एक पाऊल टाकलं, की समोर बसलेल्यांच्या लेखी तुम्ही नाहीतच.

एरवी मी शाळेत कारकून आहे. राहनाळच्या पुढे, गोडाउनांच्या पत्र्यांमध्ये आमचं गाव जेवढं उरलंय तेवढ्यात ही शाळा आहे. माझं अक्षर सुरेख आहे, आणि तेच मला नडलं. ग्रामपंचायतीनं रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे काढून एलईडी लावायचं मनावर घेतलं, तेव्हा आधी खर्च आणि फायदा तपासायला तीन जणांची समिती नेमली. उपसरपंच, कारण ते सगळ्याच समित्यांत असतात. वायरमन काका, कारण त्यांची सगळी नोकरी खांबावर गेली. आणि मी, कारण कुणीतरी तक्ता लिहायला हवा होता.

तक्ता ठेकेदारानं छापूनच दिला होता. रस्त्याचं नाव, सध्या किती वीज जळते, नवे दिवे लावल्यावर किती जळेल, बचत किती. मी एका दुपारी शाळेच्या कचेरीत बसून तो भरून टाकला. बाजाराचा रस्ता, भरपूर बचत. देवळाची आळी, बरी बचत. शेवटी आला गोडाउनच्या फाटकापासून पाड्यापर्यंतचा रस्ता. त्यावर विजेचे नऊ खांब आहेत, पाड्यावर वीज पोहोचली तेव्हाचे, पण दिवा एकावरही नाही. सध्याची वीज शून्य. बचत शून्य. शेरा, ‘लाभ नाही’. मी शून्य फार गोल काढतो. काढलं, आणि चहा मागवला.

दोन दिवसांनी, बुधवारी, पाड्यावरची एक बाई मुलाच्या दाखल्यासाठी आली. पाड्यावरून आमच्या शाळेत येऊन दहावी झालेली ती पहिली मुलगी. आता तिशीची, गोडाउनमध्ये पॅकिंगला जाते. मला ती सर म्हणते. मी सर नाही हे तिला माहीत आहे, पण आमच्या शाळेच्या आवारात जो पँट घालून बसतो तो सर. मी दाखला लिहीत होतो तेवढ्यात तिनं टेबलावरचा तक्ता उलट्या बाजूनं वाचला. वाचू दे म्हटलं, वाचायला आम्हीच शिकवलंय. तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“सर, आमच्या रस्त्याला लाभ न्हाय?”

मी तिला समजावलं की वीज जळतच नाही, तर वाचणार कुठून. ती हसली, आणि हसतहसत तिनं तिची गोष्ट सांगितली. गोडाउनवाल्यांनी तिला चेकर व्हायला सांगितलं होतं. म्हणजे खोकी बांधायची नाहीत, यादीशी ताडून बघायची. बसायला खुर्ची, पगार जास्त. फक्त शिफ्ट सहाला सुटली की तासभर जास्त थांबायचं. आणि तिथंच अडलं होतं. पाड्यावरच्या अकरा जणी तिथं कामाला जातात, आणि परतीच्या वाटेवर एकटीनं निघायचं नाही असा त्यांचा आपसातला नियम. शेवटची बाहेर येईपर्यंत सगळ्या फाटकाशी उभ्या राहतात. ती चेकर झाली तर दहा जणींनी रोज तासभर तिष्ठायचं.

“त्या म्हनतात, थांबू. पन घरी चुली कोन पेटवंल? सोमवारी न्हाय सांगून टाकते.”

दाखला घेऊन ती गेली. मी माझ्या शून्याकडे बघत बसलो. आयुष्यात मी रंगमंचावर तीन खून केलेत, एकदा सावकार झालोय, एकदा नायिकेच्या बापाला कोंडलंय. इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. थंडीचे दिवस, सहालाच अंधारून आलेलं. त्यांच्याबरोबर चालतो म्हटल्यावर बायांनी मला नीट न्याहाळलं आणि एकीनं विचारलं, नाटकातला सावकार ना तुम्ही? मग मला रांगेच्या मधोमध घेतलं. माझ्या रक्षणासाठी, असं त्या म्हणाल्या. पुढची मोबाइलची बॅटरी धरते, मागची काठी. डाव्या हाताला कंटेनर मागे घेत असतात, उजव्या हाताला शेत. वाटेत ओढ्यावरच्या मोरीपाशी वळण आहे, तिथं पुढची थांबते, आणि मागून पुढे एकेकीनं, आपण आहोत हे कळावं म्हणून, नुसतं “हाय” म्हणायचं. अकरा हाय झाले की पुढे चालायचं. त्या दिवशी मी बारावा होतो. मीही म्हणायचं हे मला कळलंच नाही, तर शेवटचीनं पुढे येऊन काठीनं माझ्या पोटरीला हळूच टोचलं. मी म्हणालो, “हाय.” पोरी फिदीफिदी हसल्या, रांग हलली.

घरी येऊन मी ठरवलं की हे शून्य खोडायचंच.

शुक्रवारी समिती बसली. मी सांगून टाकलं की तक्ता चुकलाय, माझ्या हातून चुकलाय. ज्या रस्त्यावर अंधार आहे तो रस्ता आपण सगळ्यात काटकसरीचा ठरवलाय. या हिशेबानं गावातले सगळे दिवे काढून टाकले तर आपली बचत राज्यात पहिली येईल. वायरमन काका खो खो हसले. उपसरपंच हसले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि खोटंही नव्हतं. बाजाराच्या रस्त्यासाठी चांगले मोठे दिवे ठरलेत, त्यात पैसा संपतो. पाड्याचे नऊ दिवे आणायचे कुठून? शिवाय ठेकेदारानं दिलेला नमुन्याचा एक दिवा पंधरा दिवस पंचायतीसमोर लागलाय, लोक खूश आहेत.

आता तो नमुना लागला होता कुठं? एका बाजूला मेडिकल, दुसऱ्या बाजूला मोबाइलचं दुकान, समोर मिठाईवाला. तिथं दिव्याऐवजी भोपळा टांगला असता तरी लोकांनी उजेडाचं कौतुक केलं असतं. मी अगदी साधा चेहरा करून म्हटलं की बिचाऱ्या दिव्याला स्वतःचं तेज दाखवायची संधीच मिळालेली नाही. शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटं दुकानदारांना दिवे घालवायला सांगू या. उपसरपंचांना वाटलं मी शरण आलो.

शनिवारी गावानं माझ्यासाठी दिवे घालवले. मिठाईवाल्यानं काचेतलासुद्धा घालवला. नमुन्याचा दिवा एकटाच उरला, आणि खरं सांगायचं तर झकास होता. खाली पांढरा स्वच्छ गोल, खाली पडलेली टाचणी सापडावी असा. त्याच्या पुढच्या खांबावरचा जुना दिवा काकांनी मुद्दाम बंद ठेवला होता. मी गोलाच्या मध्ये उभा राहिलो, नमस्कार केला आणि चार पावलं बाजूला सरलो. मग सावकाराच्या आवाजात एक वाक्य टाकलं. लोक माना वळवून शोधायला लागले. एक पोर रडलं. उपसरपंच म्हणाले, कुठायत तुम्ही? मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभा होतो.

“इथंच आहे, साहेब. पाड्याची बाई रोज इथंच असते.”

ओरडा झाला, हशा झाला, दुकानं पुन्हा उजळली. त्या गडबडीत काकांनी कामाचं बोलून घेतलं. दिव्याचा उजेड सरळ खाली पडतोय, दांडा जरा तिरपा केला तर लांब जाईल. आणि बाजारात दुकानांचा एवढा झगमगाट असताना तिथं मोठे दिवे कशाला? लहान लावले तरी जुन्यापेक्षा कमी बिल येईल, आणि उरलेल्या पैशांत पाड्याचे नऊ सहज बसतील. हे सगळं काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. का बोलला नाहीत, विचारलं तर म्हणाले, मला कोणी विचारलंच नाही. समितीत मला शिडीसाठी घेतलंय असं वाटलं.

त्या रात्री मी नवा तक्ता आखला. बचतीच्या शेजारी एक रकाना वाढवला, ‘अंधारामुळे वाया जाणारा वेळ’. पाड्याच्या ओळीत लिहिलं, दहा बाया, रोज एक तास. बाकीच्या सगळ्या रस्त्यांसमोर आता शून्यं आली. ती काढताना मला फार बरं वाटलं.

रविवारी ग्रामसभेत एकच अडचण उभी राहिली आणि ती पाड्याकडूनच. त्या बाईचे सासरे उठले. त्यांचं शेत मोरीला लागून आहे. दिवा आला की किडा येतो, भाताला लागतो, म्हणाले. सुनेकडे त्यांनी पाहिलंही नाही. लोक त्यांना बसवायला लागले, पण मी ते टिपून घेतलं. दोष आहे तर तोही तक्त्यात हवा. काकांनी मोरीजवळच्या दोन खांबांना पिवळट, मंद दिवे आणि शेताच्या बाजूला पत्र्याचा आडोसा सुचवला. म्हातारा म्हणाला, बघू, आणि बसला.

मग त्या बाईनं उभं राहून एवढंच विचारलं, “दिवे कधी लागतील?”

उपसरपंच म्हणाले, लवकरच. हे ‘लवकरच’ आमच्या गावात कसं चालतं ते मला माहीत आहे. शाळेच्या संडासाचं दार सात वर्षं लवकरच बसतंय. सोमवार उद्यावर होता. मी ठराव लिहायला घेतला, आणि त्यात शेवटी एक ओळ घातली. मग तो घसा साफ करून, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. “आणि सदर दिवे प्रत्यक्ष लागेपर्यंत, चेकर महिलेस रोज सात वाजता फाटकापासून पाड्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी समितीचे तीन सदस्य पाळीपाळीने घेतील.”

हात वर झाले. आधी बायांचे, मग सगळ्यांचे. उपसरपंचांनी माझ्याकडे असं पाहिलं की नाटकात हीच नजर वीस वर्षं मी शोधतोय. पण सही केली.

सोमवारी तिनं गोडाउनमध्ये हो सांगितलं. दहा जणी सहाला घरी गेल्या. सातला ती बाहेर आली, हातात याद्यांचा गठ्ठा, आणि फाटकाशी मी. मंगळवारी काका, खिशात पक्कड घेऊन. बुधवारी उपसरपंच, बूट घालून. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या एका बुटानं मोरीकाठच्या चिखलात मुक्काम केला. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पाळीला एक कंटेनर दिवे न लावता मागे आला आणि साहेब शेतात उडी मारून वाचले. तिनंच हात देऊन वर काढलं, असं ती सांगते. ते सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराची गाडी शिडीसकट गावात उभी होती.

नऊ दिवे लागले त्या संध्याकाळी पाळी माझी होती. मी गेलो. ती फाटकातून बाहेर आली, मान वर करून एकेक खांब मोजत सरळ चालायला लागली. मी मागे निघालो तशी थांबली.

“तुमी घरी जा, सर. मी चालते.”

मी तिथंच उभा राहिलो. पहिल्या दिव्याखाली ती दिसली, दुसऱ्या दिव्याच्या आधीही दिसत होती, पुढेही. मोरीपाशी उजेड पिवळट झाला, तिथं ती क्षणभर थांबली आणि वळली. नवव्या खांबापर्यंत एकदाही ती माझ्या नजरेआड झाली नाही.

तेव्हापासून ती खांबही खोक्यांसारखेच ताडून बघते. गेल्या आठवड्यात फोन आला, सहा नंबर लुकलुकतोय. मी काकांना सांगितलं, काकांनी उपसरपंचांना. उपसरपंचांनी विचारलं, पाळी कुणाची? आणि उत्तराची वाट न बघता शिडी मागवली.