नसरीनआपांची धास्ती

नसरीनआपा तुमचं काम बघायच्या तेव्हा कामाकडे बघायच्याच नाहीत. तुमचा फोन डाव्या हातात घ्यायच्या, उजव्या हातातली भाजीची जड पिशवी तशीच धरून ठेवायच्या आणि तुमच्याशी गप्पा सुरू करायच्या. "आईचा गुडघा कसा हाय? बाबांचं सोयाबीन निघालं का?" तुम्ही उत्तर देत असता आणि त्यांचा अंगठा पडद्यावर चाचपडत फिरत असतो. अंगठा अडखळला की गप्पाही अडखळायच्या. आपलं चुकलंय ते तेवढ्यावरून ओळखायचं.

पहिल्यांदा मला तो अपमान वाटला होता. मी तीन दिवस खपून पडदा सजवला होता आणि या बाई त्यावर नजरसुद्धा टाकत नव्हत्या. "आपा, बघा तरी," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "बघायला मी रिकामी हाय गं. ज्यांच्यासाठी केलंस, त्या रिकाम्या हायेत का?"

आम्ही इंटरॅक्शन डिझायनर. मोबाइलच्या पडद्यावर कोणतं बटन कुठं असावं, ते दाबल्यावर पुढं काय व्हावं, हे ठरवणारी माणसं. हदगावला माझ्या वडिलांना हे अजून नीट सांगता आलेलं नाही. ते लोकांना "पोरगी कॉम्प्युटरमध्ये हाय" एवढंच सांगतात. नांदेड आणि लातूरमध्ये हे काम करणारे आम्ही जेमतेम पंधराजण. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नांदेडच्या एका शिकवणीवर्गात आम्ही जमायचो. लातूरची मंडळी सकाळच्या बसने यायची. प्रत्येकाने आपलं काम दाखवायचं, बाकीच्यांनी बोलायचं, असा रिवाज. पण खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं आम्ही कामापेक्षा भीतीच जास्त बोलायचो. हल्ली मशीनच पडदे काढून देतं, मग आपलं काय? पुण्यातल्या कंपन्या बाहेरगावच्यांना घेईनात, मग कसं?

आपा सगळ्यांत वडील, पन्नाशीच्या. देगलूर नाक्याकडच्या एका दुकानात त्यांनी वीस वर्षं लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी केली होती, मराठी आणि उर्दू दोन्ही. पत्रिका मोबाइलवर गेल्या तशा आपाही मोबाइलवर आल्या, पण पडद्याला शेवटपर्यंत 'पान'च म्हणत राहिल्या. आमची रडगाणी त्या ऐकून घ्यायच्या. एकदा लातूरच्या प्रसादने विचारलं, "आपा, तुम्हाला नाही भीती वाटत?"

"लई वाटते. पण तुम्हाला तुमची वाटून राहिली. मला त्यांची वाटते."

"कुणाची?"

"बटन दाबणाऱ्यांची."

आम्ही हसलो होतो.

त्याच उन्हाळ्यात माझ्याकडे एक काम आलं. किनवट तालुक्यातल्या निवासी शाळांमध्ये मुलींच्या तब्येतीची रोजची नोंद मोबाइलवर व्हायची होती. वसतिगृहाच्या अधीक्षिकेने सकाळी यादी उघडायची, आजारी मुलीच्या नावापुढे लाल खूण करायची आणि 'पाठवा' दाबायचं. नोंद पोचली की आरोग्य पथक येणार. साठ नावं एकेक करून भरायचा त्रास नको म्हणून मी वर एक सोय दिली, 'सर्व मुली ठीक'. एकदा दाबलं की सगळी यादी भरून पाठवली जायची. बटन हिरवं, रुंद, ठसठशीत. खाली 'पाठवा' होतं, तेही हिरवं आणि तेवढंच रुंद.

रविवारी मी ते आपांच्या हातात दिलं. त्या माझ्याशी मुंजीच्या जेवणाबद्दल बोलत होत्या आणि मध्येच थांबल्या.

"वैशू, दोन हिरवी बटनं एकाच पानावर?"

"त्यांच्यावर लिहिलंय ना आपा, मोठ्या अक्षरात."

"घाईत कोण वाचून राहिलं? आणि 'सगळ्या ठीक' हे बाई म्हणून राहिली, का तुझं बटन तिच्या तोंडून म्हणवून राहिलं?"

बाकीच्यांना माझं पान आवडलं होतं. प्रसाद तर म्हणाला होता, स्वच्छ काम आहे. मंगळवारी ते द्यायचं होतं. मी म्हणाले, "पुढच्या वेळी बदलते." आपांनी फोन परत दिला. मी घरी पोचेपर्यंत त्यांनी मला दोनदा फोन करून विचारलं, "बदलशील ना?" मला त्याचा वैताग आला. तिसऱ्यांदा मी फोन उचललाच नाही.

पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी ऑफिसात बातमी आली. किनवटकडच्या एका वसतिगृहातली सातवीतली मुलगी तीन दिवस तापाने फणफणत होती आणि तिन्ही दिवस आमच्या यादीत 'सर्व मुली ठीक' अशी नोंद होती. चौथ्या दिवशी अधीक्षिकेने स्वतः जीप मिळवून तिला किनवटला नेलं, तिथून नांदेडला. मेंदूत ताप चढल्याचं डॉक्टर म्हणत होते. अधीक्षिका मडावीबाईंना खोटी नोंद केल्याबद्दल नोटीस गेली होती. आमचे साहेब म्हणाले, "बाईंनी चुकीचं दाबलं. आपला काही संबंध नाही. कुणी काही बोलायचं नाही."

मी जिन्यात जाऊन आपांना फोन लावला. मला वाटलं, त्या म्हणतील, सांगितलं होतं की नाही. त्या फक्त म्हणाल्या, "पोरगी कुठल्या वॉर्डात हाय?"

आम्ही दोघी नांदेडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलगी शुद्धीवर नव्हती. बाकावर तिची आई बसली होती आणि शेजारी मडावीबाई, चाळिशीच्या, चार दिवसांच्या त्याच साडीत. मी कोण ते सांगायची माझी हिंमत होईना. आपांनीच सांगितलं, "ही ते पान करणारी. मी हिच्या सोबतची." मडावीबाई चिडल्या नाहीत. त्यांनी फोन काढला आणि मलाच विचारायला लागल्या, "म्या लाल केलं होतं नं ताई. रोज लाल केलं, मग हिरवं दाबलं. पथक येईल म्हणून फाटकापाशी उभी राहत होते. माझं काय चुकलं, तेवढं दाखवा न."

त्यांनी मला करून दाखवलं. मुलीच्या नावापुढे लाल खूण. मग अंगठा सरळ वर गेला, पहिल्या हिरव्या बटनाकडे. लाल खूण पुसली गेली. नोंद पाठवली, असं पडद्याने आनंदाने कळवलं.

"तुमचं काही चुकलं न्हाई," आपा म्हणाल्या.

बाहेर आल्यावर आपा दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. तिथं त्यांनी मला जे सांगितलं ते आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. दुकानात असताना त्यांनी एका शाळेची ओळखपत्रं केली होती. पहिल्या मुलाचं कार्ड नमुना म्हणून केलं आणि तेच पुढे वापरत गेल्या. नाव बदललं, फोटो बदलला, रक्तगट बदलायचा राहिला. सगळ्या शाळेचा रक्तगट एक. वाटप झाल्यावर लक्षात आलं. मालक म्हणाला, कार्ड बघून कोण रक्त देतं, गप बस. आपा महिनाभर घरोघरी फिरल्या, माफी मागून एकेक कार्ड परत आणलं. एक राहिलं. ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं आणि पत्ता कुणाजवळ नव्हता.

"ते कार्ड अजून बाहेर हाय, वैशू. ते लेकरू आता मोठं झालं असंल. गाडीवर फिरत असंल. रस्त्यात अपघात बघितला की मला पहिलं तेच आठवतं. म्हणून मी तुम्हाला फोन करकरून छळते. मला दुसरं काही येत न्हाई."

मी विचारलं, "आता मी काय करू?"

"मला नको विचारू. मला पण भीती वाटून राहिली."

दुसऱ्या रविवारी मी सगळं बैठकीत मांडलं. मडावीबाईंची नोकरी जाणार होती आणि ती वाचवायची तर पडदा चुकीचा होता असं लेखी द्यावं लागणार होतं. लिहिणारी मीच. मग प्रसाद बोलला, आणि तो वाईट माणूस नाही हे मला इथं सांगितलं पाहिजे. "वैशाली, तू लिहिशील आणि उद्या म्हणतील, नांदेड-लातूरच्या पोरांना काम देऊ नका. आमची घरं आहेत." दोघातिघांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, प्रशिक्षण कमी पडलं असं लिही. कुणी म्हणालं, नवीन पान करून दे आणि विषय संपव. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं होतं.

आपा उठल्या. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती, आवाज चिरकत होता. त्यांनी ओळखपत्रांची गोष्ट सांगितली, शेवटच्या कार्डासकट. मग म्हणाल्या, "मी त्या वेळी शाळेला लेखी दिलं न्हाई. कार्डं गुपचूप गोळा केली. लेखी दिलं असतं तर शाळेने त्या पोराचा पत्ता काढला असता. मी माझी अब्रू वाचवली आणि ते लेकरू तसंच सोडलं." आणि माझ्याकडे वळून, "तू लिही. खाली माझी पण सही घे. मी हे पान बघितलं होतं, मला चूक दिसली होती, आणि तू फोन उचलला न्हाईस म्हणून मी गप बसले. तुझ्या घरी यायला पाहिजे होतं मी."

पत्र मी तिथंच लिहिलं. तीनदा फाडलं, कारण दर वेळी एक तरी वाक्य मला वाचवणारं निघायचं आणि आपा त्यावर बोट ठेवायच्या. शेवटी उरलं ते असं: दोन बटनं सारखी दिसत होती, वरचं बटन केलेली नोंद न विचारता पुसत होतं, हे मी केलं आहे, बाईंनी केलेलं नाही. आमच्या दोघींच्या सह्यांखाली निघताना प्रसादनेही सही केली. बाकीच्यांनी केली नाही आणि आपांनी कुणाला आग्रह केला नाही.

मुलगी अकराव्या दिवशी शुद्धीवर आली. डाव्या कानाने तिला आता कमी ऐकू येतं. मडावीबाईंची नोटीस मागे घ्यायला दिवाळी उजाडली. माझी नोकरी त्याआधीच गेली होती. चार महिने मी घरी बसून छोटी कामं केली, आणि फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. अजून होतं.

हिवाळ्यात आपांची लेक त्यांना हैदराबादला घेऊन गेली. डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि नंतर तिकडेच राहायचं ठरलं होतं. ज्या रविवारी निघायचं होतं, त्याच दिवशी त्यांनी मडावीबाईंना बैठकीला बोलावलं होतं. किनवटहून गाडीने त्या आल्या, पदर सावरत दाराशी उभ्या राहिल्या. पंधरा शिकलेल्या माणसांत कुठं बसावं ते त्यांना कळेना. आपांनी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं, पाण्याचा पेला दिला.

"बाई, सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता, ते सांगा. घाई करू नका."

"सगळंच?"

"सगळंच."

मडावीबाई अडखळत बोलायला लागल्या. चार वाजता पाणी येतं. मग मुलींना उठवायचं, एकीची वेणी घालता घालता दुसरीच्या कपाळाला हात लावून बघायचा. फोन कमरेला खोचलेला असतो, हात ओले असतात. प्रसादने वही काढली. मग एकेकाने काढली. मीही मान खाली घालून लिहीत होते. बऱ्याच वेळाने पान उलटताना वर बघितलं, तर आपा गेल्या होत्या. त्यांच्या हैदराबादच्या बसची वेळ झाली होती. मडावीबाई अजून न्याहारीपर्यंतच पोचल्या होत्या, आणि त्यांना कुणी मध्ये थांबवत नव्हतं.